लाँड्री कडक यांच्याकडे राहावी

मी, या गल्लीतल्या लाँड्रीची मालकीण, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी मागे न लागता हे लिहिते आहे. गुडघे गेले आहेत, पण त्याचा मृत्युपत्राशी संबंध नाही. याआधी काही लिहून ठेवलेले सापडल्यास ते रद्द समजावे.

१. राहते घर मुलाला, बँकेतली ठेव मुलीला. दोघांची तक्रार नाही.

२. लाँड्रीचा गाळा, भट्टी, इस्त्रीची टेबले आणि गिऱ्हाइके कडक यांना. गल्ली त्यांना याच नावाने ओळखते. पूर्वी नदीकाठी त्यांची स्वतःची लाँड्री होती आणि मी कपडे जाळते असे ते गिऱ्हाइकांना सांगत. ते साफ खोटे होते, याची इथे नोंद करते.

मुलगा विचारतो, "आई, तो माणूस आपला कोण लागतो?" म्हणून लिहिते. पुरात कडक यांचे दुकान, घर आणि बायको गेली. पाणी ओसरले तेव्हा घरोघरी चिखल, पोरे ओल्या कपड्यांत कुडकुडत होती. माझी भट्टी तेवढी शाबूत होती. नळवाल्याने पाणी जोडून दिले, सुताराने मोडकी दारे सरपणाला आणून टाकली आणि आम्ही सगळ्या गल्लीचे कपडे धुवायला घेतले. कडक दारात येऊन म्हणाले, "वहिनी, नुसतं बसवत नाही. काम द्या."

एका गाठोड्यात त्यांच्या बायकोची साडी निघाली. कुठल्या तरी कुंपणाला अडकलेली, कोणीतरी आपल्या कपड्यांबरोबर उचलून आणलेली. त्यांनी ती धुतली, वाळवली, इस्त्री करून वरच्या फळीवर ठेवली. मी म्हटले, "भाऊजी, आज घरी जा."

"कुठल्या घरी?" म्हणाले आणि पुढचे गाठोडे सोडले. तेव्हापासून ते इथेच आहेत. रोज भांडतात.

३. माझ्या दिरांनी त्या दिवसांत पाण्याचा पंप कुलपात ठेवला, "बिघडला तर?" म्हणून. त्यांना काहीही देऊ नये. कपडे मात्र आणले तर धुवावेत.

४. पुन्हा पूर आला तर भट्टी गल्लीसाठी फुकट पेटवावी. कोणाचे कपडे आधी, यावरून वाद घालू नये. लहान मुलांचे आधी.

वरील सर्व काल मुलाला वाचून दाखवले. मग म्हणाला, "कडककाकांना सांगितलंस?"

नाही म्हटले.

"मग मी सांगतो," म्हणाला आणि चपला घालून दुकानाकडे गेला.

सही: लाँड्रीवाली
साक्षीदार: १. नळवाला (सही) २. कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई (सही)
ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: १२ मार्च