बुटातला राखणदार आणि गाऱ्हाण्याचा हक्क

मी, मंदाकिनी श्यामकांत परुळेकर, वय वर्षे छप्पन्न, १९५७ची नर्सिंगची पदवीधर, हल्ली सौदीतल्या दम्माम येथील इस्पितळात मेट्रन, लिहून ठेवते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. रोज डोक्यावरून जाणाऱ्या इराकी क्षेपणास्त्रांबद्दल तसे लिहून देता येत नाही, म्हणून हा कागद आजच. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही, सवड नव्हती.

१. बँकेतली शिल्लक व दागिने मुलगी स्मृती हिला. हा कागद तिने स्वतः मराठीत वाचावा. “आई, जस्ट टेल मी” चालणार नाही.

२. रक्तदाबाचे यंत्र माहेरच्या गावातल्या दवाखान्याला. भाऊ शिरीष याच्या हाती पाठवू नये. १९६२ साली त्याने नेलेली माझी सायकल अजून यायची आहे.

३. खोलीतला माझा डाव्या पायाचा जुना बूट हलीनाला. खुलासा आवश्यक आहे. हलीना माझ्या खोलीत राहणारी पोलंडची नर्स. तिच्या आजीच्या गावी प्रत्येक घराचा एक म्हातारा रक्षक असे, दोमोविक. घर बदलताना त्याला जुन्या बुटात बसवून नेत, पाव-दूध ठेवत. आजीमागे ती चाल बंद पडली. हलीना ती पुन्हा सुरू करते आहे, अर्थात इथल्या कायद्यामुळे पडदे ओढून.

मला बुटात शिळा पाव दिसला. मी बूट डेटॉलने धुऊन उन्हात घातला. दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला, तर ही तळघरात यायला तयार नाही.

“सिस्टर, तो रागावून गेला. बोलवायचे शब्द आजीबरोबरच गेले.”

“गॅसचा मास्क लाव आणि चल!”

“त्याच्याशिवाय नाही.”

चूक माझी होती. मी बूट उचलला आणि वडील आमच्या माहेरच्या घराच्या राखणदाराला घालत तेच गाऱ्हाणे घातले: “बा राखणदारा, ह्या घरातली माणसां, पोरांटोरां सांभाळ. चुकला-माकला असात ता पोटात घाल, म्हाराजा!” हलीनाला एवढेच शिकवले, मी थांबले की म्हणायचे, “व्हय म्हाराजा!” तिने मास्कमधून म्हटले. आम्ही तिघेही तळघरात सुखरूप पोचलो.

माझ्यामागे शब्द पुन्हा हरवू नयेत म्हणून वर लिहिले आहेत. बूट कोणीही धुऊ नये.

४. वेंगुर्ल्याजवळच्या माहेरच्या घरातला माझा अर्धा हिस्सा शिरीषला, एका अटीवर. वडिलांमागे त्याने घरची राखण, म्हणजे राखणदाराला दरवर्षी द्यायचा मान, बंद केली. “ताई, आपण शिकलेली माणसं,” म्हणाला. मीही मान डोलावली, हे नमूद करते. पुढे मी गाऱ्हाणे घालू का विचारले, तर म्हणाला, “बायका घालत नाहीत.” दम्माममध्ये घातले, चालले. त्याने दरवर्षी राखण द्यावी. न दिल्यास हिस्सा स्मृतीचा, आणि गाऱ्हाण्याचा हक्कही तिचाच.

हलीनाला बूट मिळणार असल्यामुळे तिची साक्ष घेतलेली नाही.

सही: मंदाकिनी श्यामकांत परुळेकर
दम्माम, १२ फेब्रुवारी १९९१

साक्षीदार:
१. डॉ. नूरुन्निसा, मूळ रत्नागिरी
२. हारून, ॲम्ब्युलन्सचालक, मूळ देवगड

साक्षीदारांना सर्व मजकूर वाचून दाखवला. डॉक्टर म्हणाल्या, “मान्य.” हारूनने लहानपणी शेजारच्या अंगणातले गाऱ्हाणे ऐकलेले, तो म्हणाला, “व्हय म्हाराजा!” तेही ग्राह्य धरावे.