उताराची रुंदी

पनवेल, रविवार

प्रिय प्रांजल,

येत्या शनिवारी पुण्याच्या उपचार केंद्रातून तुला सुटी मिळेल, पण तू घरी न येता मैत्रिणीकडे राहशील, असं तू आईला फोनवर कळवलंस. निर्णय तुझा आहे. तो पक्का करण्यापूर्वी हे पत्र शेवटपर्यंत वाच, एवढीच विनंती.

तुझ्या चाकांच्या खुर्चीसाठी मी दारापुढे लाकडी उतार करतो आहे. इंचभर उंचीला फूटभर लांबी, हा नियम. आपली पायरी सहा इंच, म्हणून उतार सहा फूट. तीस वर्षं मुलांना सुतारकाम शिकवलं. तरी पहिल्याच दिवशी एका फळीवर दोन तुकडे लागोपाठ आखून कापले. करवत जिथून जाते तिथल्या लाकडाचा भुसा होतो; पात्याच्या जाडीएवढी जागा दोन खुणांमध्ये सोडावी लागते. मी ती सोडली नाही आणि दुसरा तुकडा सूतभर आखूड निघाला. तुझी आई म्हणाली, "या चुकीला पोरांना वर्गाबाहेर काढायचात ना? मग व्हा बाहेर!" तुझ्या अपघातानंतर ती प्रथमच हसली.

ती चूक पाचर ठोकून सुधारता आली. दुसरी तशी नव्हती. चाक घसरू नये म्हणून उताराच्या दोन्ही बाजूंना मी हातभर उंच फळ्या बसवल्या. खुर्ची सव्वीस इंच, आतली रुंदी अठ्ठावीस. गुण्या लावून कोपरे काटकोनात आहेत का ते पाहिलं, भाड्याने आणलेली रिकामी खुर्ची मागून ढकलत तीनदा वर नेली. कुठेही अडली नाही. मग शेजारचे दयारामकाका गंमत म्हणून तीत बसले आणि स्वतःच्या हातांनी चाकं फिरवू लागले. निम्म्यावर थांबून ओरडले, "मास्तर, खुर्ची जाते वो, पन माजी बोटं कुटं ठेवू? खिशात?" दोन्ही हातांची बोटं फळ्यांना घासून सोलवटली होती.

मी खुर्ची मोजली होती. ती चालवणारे हात मोजले नव्हते. कारण माझ्या आराखड्यात तुला कायम कुणीतरी मागून ढकलत होतं. दुसऱ्या दिवशी फळ्या काढून उतार छत्तीस इंच रुंद केला. तू आलीस अथवा न आलीस, तो तिथे असेल.

आता जे लिहिण्यासाठी बसलो ते लिहितो. लग्न ठरलेलं असूनही अपघातानंतर कुंदन एकदाही फिरकला नाही, असं तू समजतेस. तो आला होता, दोनदा. रुग्णालयाच्या दारातून मीच त्याला परत पाठवलं. "प्रांजलला आता हे लग्न नको आहे," असं सांगितलं. तू आत जागी होतीस. विचारायला वीस पावलंही चालावं लागलं नसतं. तुझं भलं कशात आहे हे मला ठाऊक आहे, असं मी धरून चाललो. गेल्या मंगळवारी रोडपालीला त्याच्या घरी जाऊन मी खरं सांगितलं. तो मला बस म्हणाला नाही. त्याने एवढंच विचारलं, "तिला मला भेटायचं आहे का?" या वेळी मी तुझ्या वतीने उत्तर दिलं नाही.

तुझाच, क्षमा मागायलाही उशीर केलेला,
बाबा