पुढच्या वर्षी बेचाळीस

२० डिसेंबर
बायको यंदा चाळीस पूर्ण करणार. एकतीस तारखेला. तिचा वाढदिवस माझ्या दर वर्षी लक्षात येतो, फक्त जरा उशिरा. यंदा तसं होणे नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनने ठसठशीत गोल केला. प्लॅन: हॉटेलात टेबल, मनगटी घड्याळ, केक. कॅलेंडर छापणाऱ्या प्रेसमध्ये मी प्रूफं तपासतो. तारखांच्या बाबतीत माझा हात कोण धरणार?

२४ डिसेंबर
नव्या वर्षाचं कॅलेंडर छापून आलं. पहिली प्रत अर्थात मी उचलली. घरी येऊन जुनं काढून रद्दीत टाकलं, नवं टांगलं. बायको कुरकुरली, डिसेंबर अजून संपायचाय, दाताच्या डॉक्टरांची वेळ त्यावर लिहिली होती. म्हटलं, आमच्या लाइनीत एक पाऊल पुढेच असावं लागतं. लाल गोल मात्र विसरलो नाही. नव्या कॅलेंडरच्या ३१ डिसेंबरवर जसाच्या तसा उतरवला. शेवटचं पान, त्यामुळे सगळी पानं उलटावी लागली. आता निर्धास्त.

२८ डिसेंबर
घड्याळ राहिलंय. घाई नाही. रोज चहा घेताना कॅलेंडर बघतो, गोल कुठे जवळपासही नाही. मेव्हणीने फोनवर खोचकपणे विचारलं, तयारी कुठवर आली? सांगितलं, सगळं भिंतीवर आहे.

३१ डिसेंबर, संध्याकाळ
आज काहीतरी करायचं होतं असं राहून राहून वाटतंय. कॅलेंडर पाहिलं. जानेवारीचं पान कोरं. म्हणजे नव्हतंच काही. बायको नवा ड्रेस घालून बसली होती. वर्ष संपताना बायका उगाच हळव्या होतात. उद्यापासून पहाटे पाचला उठणार, म्हणून जेवून लगेच आडवा.

१ जानेवारी
उठलो साडेआठला. थंडी. पाचचा संकल्प सोमवारपासून. चहा देताना बायकोने चक्क कोडं घातलं. "परवा मी एकोणचाळीस वर्षांची होते. पुढच्या वर्षी मला बेचाळीस पूर्ण होतील. कसं काय?" इतक्या वर्षांच्या संसारात तिला माझ्या कोडी सोडवण्याच्या छंदात पहिल्यांदा रस आला. भरून आलं. म्हटलं, दुपारपर्यंत सोडवतो.

२ जानेवारी
कोडंच चुकीचं आहे. एकोणचाळीसनंतर चाळीस, मग एकेचाळीस. बेचाळीसपर्यंत उडी बसत नाही. लीप वर्षही लावून पाहिलं. बायकोला समजावलं की गणित प्रत्येकाला जमतंच असं नाही. ती भांडी आपटत आवरायला लागली. पटलं असावं.

३ जानेवारी
ऑफिसात अकाउंटंटला कोडं घातलं. त्याने विचारलं, कोणी घातलं? बायकोने, म्हटल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, आज लवकर घरी जा. उत्तर आलं नाही की माणसं असा विषय बदलतात. थांबून ओव्हरटाइम केला.

४ जानेवारी, सकाळ
सुटलं! अंगावर पाणी घेताना सुटलं. बाईचा जन्म ३१ डिसेंबरचा आणि बोलतेय १ जानेवारीला. परवा, म्हणजे तीस तारखेला, एकोणचाळीस. काल चाळीस. या वर्षअखेरीला एकेचाळीस, पुढच्या वर्षअखेरीला बेचाळीस. टॉवेल गुंडाळून तसाच स्वयंपाकघरात धावलो आणि उत्तर खणखणीत ऐकवलं. वर म्हटलं, अशी बाई लाखात एखादीच सापडायची. बायकोने शांतपणे विचारलं, आणि तिचा नवरा? म्हटलं, कोड्यात नवरा कुठेच नाही.

"वाढदिवसालाही नव्हता," ती म्हणाली.

डबा बॅगेत टाकून ती कामाला निघून गेली. फार वाईट वाटलं. अंगावरचं पाणी ठिबकून फरशीवर तळं झालं होतं, ते पुसून घेतलं.