पायातली चांदी

बडोदे, नवरात्राची पाचवी माळ, १९९८

आज लॅबमध्ये हाडात बसवायच्या, चांदीचा मुलामा दिलेल्या स्क्रूवर जंतू धरलेच नाहीत. शेजारच्या साध्या स्टीलच्या स्क्रूवर मात्र बुळबुळीत थर. साहेबांनी पेढे मागवले. मला मात्र सारखा आईचा पाय दिसत होता.

मोडलेल्या मांडीत घातलेला रॉड पू झाला म्हणून काढावा लागला, आणि तिचा गरबा सुटला तो सुटलाच. ऑपरेशनला नेताना नर्सने तिची पैंजणं उतरवून माझ्या हातात दिली होती. चांदी बाहेर माझ्याकडे राहिली, आत गेलं ते नुसतं स्टील. हेच का डोक्यातून जात नाही?

घरी आले तर आई गॅलरीत खुर्चीवर बसून सोसायटीचा गरबा बघत होती. तिला स्क्रूचं सांगितलं.

"मग माझी पैंजणं घेऊन जा. घाल कुणाच्या तरी पायात."

"अगं, माणसापर्यंत पोचायला अजून वर्षं लागतील."

"लागू देत. कपाटात पडूनच आहेत ना!"

खाली ढोलाची लय वाढली. तिचा चांगला पाय ठेका धरत होता. दुसऱ्या गुडघ्यावर तिने हात घट्ट दाबून धरला होता, जणू तो तिला न विचारता उठून खाली जाईल.