दोन डब्यांची खरेदी

ता. ३ जुलै

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

तुमच्याकडे सगळे ठीक असतील. इथेही सगळं ठीक आहे, मी सोडून. परवा एका शिक्षकांची दाढ भरायला घेतली. दाढ कोरून झाली, कापूस लावून झाला, आणि सिमेंटची बाटली उघडते तर आत दगड. कपाटात दुसरी सापडली, तिची मुदत संपलेली. शेवटी शिक्षकांना तोंड उघडंच ठेवायला सांगून मी एप्रनवरच समोरच्या दवाखान्यात सिमेंट मागायला पळाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोष माझाच. माल विकणारे नेमके पेशंट खुर्चीत असताना येतात. दहावर दोन फुकट म्हणाले की त्यांना वाटेला लावायला मी हो म्हणते. म्हणून तोंडात घालायचे आरसे ढीगभर आणि सिमेंटचा पत्ता नाही. दात बघायचा मला आजही कंटाळा नाही, पण ही बाजारहाट आता माझ्याच्याने होत नाही. डिसेंबरात जागेचा करार संपतोय, तेव्हा दवाखाना बंद करते. खुर्चीला चांगलं गिऱ्हाईक बघ.

वाद घालणारं पत्र पाठवू नकोस. माया आहे ती तशीच राहू दे.

तुझी,
ताई


ता. ११ जुलै

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवताना वाचलं आणि तसंच बायकोच्या हातात दिलं. गिऱ्हाईक बघतो, शब्द दिला. पण आधी माझ्या बायकोचं ऐक. पंपांच्या कारखान्यात खरेदी सांभाळता सांभाळता तिचे केस पिकलेत. तुझं पत्र वाचून ती पोट धरून हसली. मग माझ्या दवाखान्यातलं कपाट उघडून बघितलं आणि तिचं हसू मावळलं. माझ्याकडेही तीच बोंब आहे, फक्त मी ती कुणाला पत्रातून कळवत नाही.

तिचं म्हणणं असं की प्रत्येक वस्तूचे दोन डबे ठेवायचे, एक पुढे, एक मागे. पुढचा संपला की मागचा पुढे घ्यायचा आणि रिकामा दाराजवळच्या फळीवर ठेवायचा. महिनाअखेरीला फळीवर जे डबे असतील तेवढंच मागवायचं. फुकटातलं काही नाही. तुझी आणि माझी मागणी एकत्र गेली तर दुकानदार मुदत जवळ आलेला माल बदलून द्यायलाही तयार आहे, तिने विचारलंय. दुकानात कुणाशी बोलायचं, कुणाला नाही म्हणायचं, ते सगळं आम्ही बघू. तू फक्त डबे मांड. लहानपणी तू माझ्या वाटणीचं सगळं अर्धं करून घ्यायचीस, त्यातलीच गोष्ट समज.

मोठ्यांनी धाकट्याचं एकदा तरी ऐकावं, एवढंच मागणं.

तुझा,
बारक्या


ता. २० ऑगस्ट

चि. बारक्यास आशीर्वाद, पण आज जरा रागाने.

आधी चांगलं सांगते. दवाखान्यातल्या मदतनीस मावशी आणि मी मिळून कपाट उपसलं. आता हात घालीन तिथे वस्तू मिळते. माल विकायला आलेल्या एकाला मी चक्क नाही म्हणाले, आणि तो मेला नाही, मीही नाही.

पण जबड्याचं माप घ्यायची पावडर तू मला न विचारता बदललीस, आणि ही नवी पाण्यात कालवली की लगेच घट्ट होते. तुझी कामाची घाई मला माहीत आहे, पेशंट टेकतो न टेकतो तोच तुझं माप घेऊन झालेलं असतं. मी आधी त्याला समजावते, नाकाने श्वास घ्यायला लावते. काल एका आजोबांशी बोलता बोलता ती पावडर वाडग्यातच थिजली आणि कालथा तिच्यात ताठ उभा राहिला. पुन्हा कालवली, पुन्हा तेच. आजोबांनीच मला धीर दिला, म्हणाले की त्यांना कसलीही घाई नाही. ते गेल्यावर मी मावशींसमोर रडले. मला वाटलं, हातच गेला माझा.

खरेदी एकत्र केली म्हणून आपले हात एक झाले नाहीत. तेव्हा खुर्चीचं बघच.

रागातही जीव तुझ्यापाशीच आहे.

ताई


ता. ५ सप्टेंबर

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

चुकलो. एकाच जातीची पावडर घेतली तर भाव बरा मिळेल एवढंच डोक्यात होतं. बायकोने माझी बिनपाण्याने केली. तिने विचारलं की ताईंचे पेशंट त्यांच्याकडे ज्या गोष्टीसाठी येतात त्याच गोष्टीत तू काटकसर करायला निघालास का.

आता ठरलंय ते असं. एकदा वापरून कचऱ्यात जातं ते सगळं एकत्र घ्यायचं, म्हणजे कापूस, मास्क, पेले. हाताच्या सवयीचं जे आहे, ते ज्याचं त्याने ठरवायचं. तुझी जुनी, सावकाश घट्ट होणारी पावडर पाठवली आहे. दोन डबे, एक पुढे, एक मागे.

शब्द दिला होता म्हणून खुर्चीचंही बघितलं. नुकतीच शिकून आलेली एक मुलगी आहे, पुढच्या महिन्यात खुर्ची बघायला येईल. मी तिला तुझा पत्ता दिला, पण मनापासून दिला नाही.

राग गेला असेल तर दोन ओळी लिही, नसेल तर चार लिही.

बारक्या


ता. ९ ऑक्टोबर

चि. बारक्यास आणि त्याहून जास्त तुझ्या बायकोला, अनेक आशीर्वाद.

ती मुलगी काल आली. मी एका बाईंच्या जबड्याचं माप घेत होते, म्हणून तिला कोपऱ्यात बसवलं. बाईंना उमासे येत होते. मी गप्पा मारत राहिले, पावडर माझ्यासाठी थांबली, माप पहिल्या झटक्यात निघालं. मावशींनी रिकामा डबा फळीवर ठेवला. मी एकदाही खुर्चीपासून उठले नाही.

मग मुलीने खुर्ची वरखाली करून बघितली. चांगली आहे म्हणाली. आणि सहज विचारलं की एवढी छान चालतेय तर विकताय कशाला. कारण सांगायला मी तोंड उघडलं, बारक्या, आणि मला एकही कारण आठवेना. शेवटी मावशींनीच तिला सांगितलं की विकायची नाहीये.

बिचारी लांबून आली होती. तिला नव्या खुर्चीसाठी आपला दुकानदार सुचवला आहे, आणि कापूस, मास्क ती यापुढे आपल्याबरोबरच मागवेल. आज सकाळी जागामालकांकडे जाऊन नव्या करारावर सही करून आले. पाच वर्षांचा केलाय. ते म्हणाले की एकेक वर्षाचा करू या, या वयात उगाच कशाला. मी म्हटलं, पाचच.

लोभ कमी पडला तर कळवीन, आत्ता पुरेसा आहे.

तुझी,
ताई