दुधाखालचा गॅस

३ फेब्रुवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. इथल्या चर्चच्या मंडळीच्या खजिनदारांनी वरची खोली दिली आहे. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, दिवसभर ठोकाठोक चालते. जेवण चांगलं असावं. मला चव कळत नाही. तुझी आई गेल्यावरचा हा पहिलाच प्रवचनांचा दौरा. काल सभेत तिची साक्ष दिली, की शेवटच्या क्षणी तिने प्रभूचं नाव घेतलं आणि हसत डोळे मिटले. सगळी मंडळी रडली. मी मात्र कोरडा ठणठणीत. प्रार्थना करतो तेव्हा रिकाम्या हॉलमध्ये माइक तपासल्यासारखं वाटतं.

वेळेवर जेवत जा.

तुझे,
बाबा

९ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांना सप्रेम सलाम. वि. वि.

मी ठीक आहे. मावशी येऊन माझं डोकं खाऊन गेली, वर म्हणाली, तूच वाळलीस. तुमचा चष्मा इथेच राहिलाय, म्हणजे बायबल पाठ म्हणत असाल.

आईने प्रभूचं नाव घेतलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? ती गेली तेव्हा तुम्ही दौऱ्यावर होता, घरात मी एकटीच होते. काल आमच्या दवाखान्यात एक बाई दात काढायला आल्या. त्यांच्या भावाने तुमचं प्रवचन ऐकलं होतं. माझा हात धरून म्हणाल्या, तुझी आई किती सुंदर गेली. मी त्यांच्या तोंडात कापूस कोंबला. राग आला असता तर बरं वाटलं असतं, पण काहीच आलं नाही. बाबा, आईला व्यासपीठावरून खाली उतरवा.

लोभ आहेच.
ठकी

१४ फेब्रुवारी

चि. ठकीस आशीर्वाद.

कुणी सांगितलं नाही. तुला विचारायचा धीर झाला नाही. पहिल्या सभेत ते वाक्य आपसूक तोंडातून गेलं, लोकांनी डोळे पुसले, मग ते तसंच चालू राहिलं. २३ तारखेला, रविवारी, इथली मोठी सभा आहे आणि पत्रकावर तिची साक्ष छापली आहे. काय म्हणाली ती? जे असेल ते लिही.

बाबा

१८ फेब्रुवारी

ती. बाबांना सलाम.

दुधाखालचा गॅस बंद केलास का, असं विचारलं तिने. मी उठून गेले. दूध उतू गेलं होतं. ओटा पुसला, फडकं पिळून वाळत घातलं. परत आले तर ती गेली होती. म्हणजे शेवटी तिच्याजवळ मीही नव्हते. हे कुणालाच सांगितलेलं नाही. तेव्हापासून घरात दूध आणत नाही, चहा कोराच पिते.

ठकी

२४ फेब्रुवारी

माझ्या ठकीस,

काल मी उभा राहिलो आणि म्हणालो, बायको गेली तेव्हा मी तिथे नव्हतो. आजवर सांगितलं ते माझ्या मनचं होतं. मग खाली बसलो. कुणी रडलं नाही. पुढच्या दोन्ही सभा रद्द झाल्या आहेत. प्रभूला माझ्या पदरच्या गोष्टींची गरज नाही, एवढंच या दौऱ्यात शिकलो. रडू अजून आलेलं नाही.

आज्ञापालनावर मी जन्मभर बोललो. तिने शेवटचं काम सांगितलं आणि ते ऐकून तू उठलीस. याहून जास्त जवळ कुणी असतं का, मला माहीत नाही.

गुरुवारी घरी येतो. अर्धा लिटर दूध आणून ठेव. गॅसपाशी मी उभा राहीन. तू बसून राहा.

बाबा