पोळ्याच्या दिवशीची कढई

माय, तुझ्या जावयाच्या छातीत दुखलं. घाबरू नको, बरे आहेत, बाहेर बैलांची वाट पाहत बसलेत. मी मात्र पार घाबरले आहे आणि हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू? गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं, नसांना आतून सूज आहे. दिसत नाही, दुखत नाही, पण वर्षानुवर्षं राहते आणि एक दिवस हृदयावर येते. "तला-भुना बंद, भाभीजी. फरसाण, बिस्किट, मीठा भी कम. हरी सब्जी, मछली, अलसी खिलाओ." अलसी म्हणजे आपला जवस. मी हो हो म्हटलं, पण तळण बंद हे मी आधी ऐकलंय.

बाबांनाही असंच सांगितलं होतं. त्या पोळ्याला तू चुलीवर कढई चढवलीच नाहीस. सणाला कढई चढत नाही ती फक्त सुतकाच्या घरी, हे ठाऊक असून. शेजारची काकी दारातूनच ओरडते, "काऊन वो, तळणाचा वास नाही? घरी कोणी मेला का?" तू ताडकन म्हणतेस, "मेला नाही. मरू नये म्हणून!" काय तोरा होता गं तुझा! बाबा ताटावर कुरकुरत होते, "मले बैलाचा चारा चारून राहिली." आणि दिवाळीच्या आत बाबा गेले. मग मरेपर्यंत तुझा एकच धोशा: "मीच कढई उतरवली, मीच सुतक बोलावलं."

मला कळतं गं, पथ्यानं कोणी जात नाही. त्याआधी वर्षानुवर्षं आपण सणाचं उरलेलं तेल गाळून ठेवायचो आणि तेच पुन्हापुन्हा तापवायचो, पथ्य फार उशिरा आलं. हे मी तुला तेव्हाही सांगितलं, तू ऐकलं नाहीस. आणि आज सकाळपासून तुझी तीच भीती मला लागलीय. त्यांनी साधा ढेकर दिला तरी मी दचकते. रिकामी शेगडी बघवत नव्हती, शेवटी कढई चढवलीच. तीत जवस भाजला, तडतड उडाला, लसूण-मिरची घालून कुटला. वासानं ते आत आले. "काय तळून राहिली? डॉक्टरनं काय सांगितलं होतं?"

"तळण नाही, कोरडा जवस आहे," मी म्हटलं. चटणी-भात आवडीनं जेवले, वर म्हणाले, पोळ्यासारखं वाटलं. मला रडूच आलं, मिरचीवर ढकललं.

ही चिठ्ठी तुला धाडू तरी कुठे? तांदळाच्या डब्याखाली ठेवते. पण एक सांगते, त्यांना सांगणार नाही. जवस कोरडा नव्हता, माय. आधी मी कढईत चमचाभर तेल सोडलं होतं. ते चुर्र वाजलं, तेव्हा कुठे माझा हात जवसाकडे गेला.